सलोमाचा मका

२ सप्टेंबर

रूबेन,

पाकिटावरचं अक्षर बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. घरी सगळे आहेत, गाई आहेत, घोडे आहेत, तुझी मॅमही आहे आणि आत्ता माझ्या पाठीमागे बटाटे सोलत, आईच ती, म्हणते आहे, "त्याला विचारा, स्वेटर पोचला का." तर विचारलं. स्वेटर पोचला का?

तू गेल्यापासून पत्रं तिनंच लिहिली. मी खाली नुसतं 'डॅट' एवढं लिहीत आलो, आणि एखाद्या वेळी तेही तिनंच लिहिलं असेल. शेतकऱ्याला पेन धरायला सवड कुठली? पण सध्या आहे. पायाला जरा लागलंय. विशेष काही नाही. स्वयंपाकघरात खिडकीशी खुर्ची टाकून बसवलंय मला, पाय स्टुलावर, आणि समोर सगळं शेत.

उन्हाळा संपला. आपल्या घोड्यांच्या बग्ग्यांचे फोटो काढायला मोटारीतून येणारे बाहेरचे लोक आपापल्या गावी परतले आणि रस्ता पुन्हा आपला झाला. लसूणघासाची शेवटची कापणी माळ्यावर पडली. आता मका. रूबेन, यंदाचा मका तू बघायला हवा होतास. टेकडीखालच्या शेतात मी उभा राहिलो तर टोपी दिसत नाही. फुशारकी मारत नाही मी. पाऊस देवाचा, मका देवाचा. पण सऱ्या मी पाडल्या, आणि त्या सुतासारख्या सरळ आहेत, एवढं म्हटलं तर बिशप रागावणार नाहीत.

परवा तुझा अ‍ॅटली काका आला होता. माझ्या पायाकडे बघून त्यानं इतका मोठा सुस्कारा टाकला की मलाच त्याची दया आली. मग म्हणाला, "मेहलन, उभा मका मी कापून घेतो. वसंतापासून शेत माझ्या धाकट्याला कसायला दे. घोडेही घेतो. तुला निवांतपणा."

मी म्हटलं, "सायलो भरून हिवाळ्याच्या चाऱ्याची सोय झाली की सांगतो."

"भरणार कोण?"

दूध काढायला सलोमा आणि तुझी मॅम, दोघी मायलेकी आहेत. पण मका म्हणजे दूध नव्हे.

तुमच्या बंदरात बर्फ पडायला लागलं की बोटी उभ्याच असतात म्हणे. आणि तू बाप्तिस्मा घेण्याआधीच गेलास, त्यामुळे वाळीत टाकायचा प्रश्नच नाही, तुझ्याशी कुणाचं काही वाकडं नाही. एका टेबलावर बसायला कुणाची ना नाही. मी बोलावत नाहीये. नुसतं सांगतोय. तुझ्या मालकाला विचारून बघायला काही पैसे पडत नाहीत.

डॅट
(हे मीच लिहिलंय.)


११ सप्टेंबर

रूबेन,

टोबायसच्या तोंडात तीळ भिजत नाही. तू त्याच्या रस्त्याकडेच्या फोनच्या खोपटात फोन लावलास, योगायोगानं तो तिथेच होता, आणि त्यानं तुला सगळं सांगून टाकलं. शेजारी चांगला आहे. पण शेजारी आहे.

तर ऐक. माळ्यावर गवत चढवत होतो. गवत खाली गोठ्यात ढकलायचं ते भोक तुला माहीत आहे. जन्मभर त्याला वळसा घालून चालत आलो. त्या दिवशी सलोमा खालून काहीतरी म्हणाली, मी उत्तर द्यायला वळलो आणि सरळ खाली. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत लोखंड घातलंय. नाताळपर्यंत पाय टेकायचा नाही म्हणतात. खाली आपली मेज घोडी उभी होती, ती इतकी शहाणी की मी पडल्यावर चारही पाय जागच्या जागी रोवून उभी राहिली, नाहीतर हे पत्र तुझ्या मॅमलाच लिहावं लागलं असतं. झालं सांगून. आता पुन्हा विचारू नकोस.

सलोमाबद्दल मात्र सांगायला हवं.

डॉक्टरांकडून घरी आलो त्या दिवशी ती म्हणाली, "बाइंडरला तेल घालून ठेवलंय."

मी म्हटलं, "कुणासाठी?"

"मक्यासाठी."

"चालवणार कोण?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं तुझी मॅम बघते, मी एकच मोजा घालून दुसरा शोधत असतो तेव्हा.

मी म्हटलं, अगं, तो मका कापून पेंढ्या बांधणारा बाइंडर आहे, शिवणयंत्र नव्हे. पुढे चार घोडे. मागे साखळ्या फिरतात. एक घोडा बुजला तर! ती म्हणाली, "डॅट, गेल्या वर्षी तुमची पाठ धरली होती तेव्हा टेकडीमागचं सगळं शेत कुणी कापलं?" आता ते खरंच तिनं कापलं होतं. पण ते टेकडीमागे होतं, कुणाला दिसत नव्हतं, म्हणून मीही ते धरलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी खिडकीतून बघत होतो. बिल आणि ड्यूक एका बाजूला, फर्न आणि मेज दुसऱ्या. शेताच्या कोपऱ्यावर तिनं वळण जरा आखूड घेतलं आणि कुंपणाचा खांब आडवा केला. मी खिडकीतून ओरडलो. तिनं खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेली. मग बाइंडर सरीतून थोडा तिरका गेला. मी पुन्हा ओरडलो. मग ओरडतच राहिलो. दुपारी ती जेवायला आली, हात धुतले, आणि एक शब्द न बोलता माझी खुर्ची माझ्यासकट उचलून दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून ठेवली. तुझ्या मॅमनं स्टूल आणून पाय नीट ठेवला. दोघींनी मिळून केलेलं कारस्थान.

"इथून काय दिसतं मला?" मी विचारलं.

"कोबी," सलोमा म्हणाली. "त्याच्यावर ओरडा. तो घाबरत नाही."

तेव्हापासून मी कोबीकडे बघत बसलो आहे. कान मात्र शेतात. बाइंडरचा आवाज तुला आठवतो ना? पेंढी बांधून खाली पडताना खट्ट असं वाजतं. पहिल्या दिवशी ते मध्येच थांबत होतं. आता थांबत नाही. मी डोळे मिटून ऐकलं तर वाटतं, मीच चालवतोय.

अ‍ॅटली पुन्हा येऊन गेला. त्यानं तो पडलेला खांब बघितला आणि त्याचं दुःख एकदम पळालं. "पोरीच्या हातात चार घोडे दिलेस तर मका कमी, कुंपणच जास्त कापलं जाणार." मी हसलो. काय करणार, विनोद चांगला होता. पण अ‍ॅटली गेल्यावर बराच वेळ मला तो विनोद गोड लागला नाही.

तुझ्या पत्रात तू लिहितोस, बघतो. बघ. अ‍ॅटलीला उत्तर द्यायचं आहे. घरात पुरुष माणूस दिसलं की तो विचारायचाच थांबेल. मी एवढंच म्हणतो.

डॅट


२० सप्टेंबर

रूबेन,

वादळ झालं. दुपारी पश्चिमेकडून काळं आलं, गाई कुंपणाशी गोळा झाल्या, आणि जेमतेम पाव तास वारा सुटला. पण कसला! धुण्याच्या दोरीवरचे माझे सदरे टोबायसच्या बोकडाजवळ सापडले. पाऊस थांबल्यावर तुझी मॅम बाहेर गेली आणि आत येऊन दाराला टेकून उभी राहिली.

मी म्हटलं, "खुर्ची फिरव."

तिनं फिरवली.

टेकडीखालचा, अजून कापायचा राहिलेला मका आडवा झाला होता. सगळा नव्हे, पण अर्ध्याहून जास्त. माझ्या त्या सरळ सऱ्या, रूबेन, विसकटलेल्या केसांसारख्या. मी खूप पिकं गमावली आहेत. गारांनी, दुष्काळानं. पण तेव्हा मी दोन पायांवर उभा होतो, आणि उभ्या माणसाला नुकसान बसलेल्या माणसाइतकं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅटली हजर. या वेळी तो टोमणे मारायला आला नव्हता, खरंच कळवळला होता, हे मान्य करायला हवं. म्हणाला, "आता तरी पोरीला घरात घे, मेहलन. पडलेला मका बाइंडर उचलत नाही. तो कोयत्यानंच निघतो. कोयते धरणारे हात तुझ्याकडे कुठे आहेत? आसपास सगळ्यांचीच कापणी चाललीये."

सलोमा दुधाचे कॅन विसळत होती. म्हणाली, "अ‍ॅटली काका, मका आडवा झालाय. मी नाही."

अ‍ॅटलीनं टोपी घातली.

मग ती शेतात गेली आणि बांधावर चक्क पालथी पडली. मला वाटलं, रडतेय. तुझी मॅम झगा सावरत धावली, तर ही जमिनीला गाल लावून मका कुठल्या बाजूला कललाय ते बघत होती! उठली, अंगावरचा चिखल झटकला आणि घरात येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"सगळा पूर्वेकडे कललाय. मी पूर्वेकडून आत शिरले, म्हणजे त्याच्या शेंड्यांच्या समोरून, तर बाइंडरची पुढची टोकदार नाकं त्याच्या खाली जातील आणि त्याला उचलतील. कापायचं फक्त एकाच दिशेनं. परत येताना रिकामं यायचं."

"दुप्पट वेळ लागेल," मी म्हटलं.

"लागू दे."

"घोडे थकतील."

"थकतील. आणि ड्यूक कालपासून लंगडतोय, तेही सांगते. त्याच्या जागी बार्नीला जुंपते."

रूबेन, बार्नी तुला आठवत असेल. तू गेलास तेव्हा त्याला नुसता लगाम माहीत होता. तेव्हापासून तो नुसताच वाढला, त्यानं खाल्लं आणि दात दाखवले. मी म्हटलं, "वेडी आहेस का? त्या घोड्यानं आजवर स्वतःच्या शेपटीखेरीज काही ओढलेलं नाही!"

"ओढलंय. ओंडका."

"कधी?"

"उन्हाळाभर. रोज संध्याकाळी, ओढ्याकाठी."

मी तुझ्या मॅमकडे बघितलं. तिला माहीत होतं. टोबायसला माहीत होतं. बोकडालाही माहीत असेल. मला वाटायचं, पोरगी संध्याकाळी गाई बघायला जाते, किंवा गेली असेल कुणा तरुणाशी बोलायला, आपण कशाला विचारा. आणि ती त्या दांडगटाला माणसात आणत होती. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता. मग तुमचं न ऐकण्याचं पाप लागलं असतं. त्यापेक्षा न विचारलेलं बरं."

या वाक्यात काय चुकलंय ते मी अजून शोधतोय.

बार्नीला तिनं बिल आणि मेजच्या मध्ये जुंपलं, म्हणजे दोन्ही बाजूंना शहाणी माणसं. तुझी मॅम लांब काठी घेऊन पुढे चालायची आणि अगदीच मातीला चिकटलेली ताटं उचलून द्यायची. तिचं वय बघ, आणि ती काठी बघ. दोन दिवस मी खिडकीतून बघितलं आणि ओरडलो नाही. तिसऱ्या दिवशी टोबायस आला. त्यानं गाडीत गादी टाकली आणि मला पोत्यासारखं उचलून शेतावर नेलं.

शेताच्या कडेला मी गादीवर टेकून बसलो. ती समोरून येत होती. चार घोडे, माना खाली, घामानं काळे. बाइंडरची नाकं जमिनीला घासत, आडवा मका उचलत, आणि मागे खट्ट, खट्ट, पेंढ्या. बार्नीचे कान पुढे. ती बसलेली अशी, जसे माझे वडील बसायचे, दोऱ्या हातात आहेत की नाहीत कळू नये अशा. तिला कुणी शिकवलं नाही तसं बसायला. माझे वडील तिच्या जन्माआधीच गेले.

टोबायस माझ्या शेजारी उभा होता. एरवी न थांबता बोलणारा माणूस, त्यानं टोपी काढून हातात घेतली.

ती आमच्यापाशी येऊन थांबली. तोंडावर धूळ, ओठ फुटलेले, टोपडं मानेवर घसरलेलं. म्हणाली, "काय, डॅट?"

आणि मी म्हटलं, "डावीकडची दोरी जरा ढिली ठेव."

"ढिलीच आहे," ती म्हणाली. आणि ढिलीच होती.

संध्याकाळी तुझ्या मॅमनं माझ्यापुढे सूप आदळलं. "एवढं बघून आलात, आणि तोंडातून निघालं काय, तर दोरी!"

"मग काय म्हणायचं?"

"म्हणायचं, चांगलं केलंस."

"आपल्यात असं तोंडावर म्हणत नाहीत. डोक्यात जातं."

"घोड्यांना म्हणता की!"

मी सूप प्यायलो. तिला नाही म्हणालो ते तुला लिहितो आहे. आपल्या बाइंडरवर आजवर जे कुणी बसलं, माझे वडील, मी, तू, त्या सगळ्यांत तिचा हात चांगला आहे. हे वाचून झाल्यावर चुलीत घाल. बिशपांच्या हाती लागलं तर मला उभं राहून कबुली द्यावी लागेल, आणि उभं तर राहता येत नाही.

डॅट


४ ऑक्टोबर

रूबेन,

तुझं पत्र सायलो भरायच्या आदल्या दिवशी आलं. मी ते दोनदा वाचलं आणि तुझ्या मॅमला एकदाच वाचून दाखवलं, काही ओळी गाळून. ती रडली असती.

तू लिहितोस की सुट्टी मिळाली आहे, तू येतोस, वसंतापर्यंत राहतोस. आणि मग खाली अगदी बारीक अक्षरात, जणू मला दिसू नये म्हणून, लिहितोस की मोठ्या बोटीवर इंजिनच्या खोलीत मुख्य मिस्त्रीच्या हाताखाली जागा दिली होती, ती दुसऱ्याला देतील, पण त्याचं काही नाही. बाळा, लपवायचं कसं ते तू माझ्याकडूनच शिकलास, त्यामुळे मला लगेच सापडतं.

त्या गोष्टीकडे येतो. आधी काल काय झालं ते ऐक.

सकाळी दव असतानाच पाच घरचे लोक आले. कुट्टी मशीन सायलोच्या पायथ्याशी लावलं, पट्टा चढवला. पेंढ्यांच्या गाड्या शेतातून येत राहिल्या. सलोमा बार्नी आणि मेजची गाडी घेऊन होती. गाडी भरायची, आणायची, मशीनच्या तोंडाशी अगदी चिकटवून उभी करायची. मशीन असं गर्जतं की शहाणासुरता घोडाही मागे सरतो. बार्नी पहिल्यांदा थरथरला. ती खाली उतरली, त्याच्या डोक्याशी गेली, कानात काहीतरी बोलली. काय ते मला माहीत नाही. पण तो उभा राहिला. दुसऱ्या खेपेला त्यानं मशीनकडे तोंड करून जांभई दिली. टोबायस अजून ती जांभई सगळ्यांना करून दाखवतो.

मला अंगणात बसवलं होतं. हिरवी कुट्टी नळीतून वर चढत होती आणि सायलोत पडत होती. तो मुरघासाचा वास तुझ्या नाकात असेलच, तेलाच्या वासाखाली कुठेतरी. हिवाळाभराचा चारा. वादळात गेला म्हणून मी मनातल्या मनात पाणी सोडलं होतं, तोच मका. अ‍ॅटली दहा वाजता आला, आपली गाडी घेऊन, आणि मान खाली घालून कामाला लागला. कामात तो वाईट नाही. कधीच नव्हता.

दुपारी जेवण. बायकांनी लांब टेबल मांडलं होतं. कोंबडी, कुस्करलेले बटाटे, शेवया, घरचं लोणचं, ब्रेड. पुरुष हात धुऊन बाकांवर बसले. आपली रीत तुला माहीत आहे. काम करणारे पहिल्या पंगतीला, वाढणाऱ्या मागाहून. सलोमा घोड्यांना पाणी दाखवून आली, केसातली कुट्टी झटकली, हात धुतले आणि सरळ स्वयंपाकघरातून बटाट्यांचं भांडं उचलून वाढायला लागली. सकाळभर गाडी हाकून! कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही दिसलं नसतं, जर ती माझ्यापाशी वाकली नसती आणि तिचे सोललेले तळहात मला दिसले नसते.

मी म्हटलं, "सलोमा, भांडं मॅमकडे दे. बस."

"कुठे?"

"इथे. पंगतीला."

चमचे थांबले. तुला माहीत आहे आपल्या लोकांचं, सगळे आपापल्या ताटात फार लक्ष घालतात. अ‍ॅटली मात्र बोलला. हसतच बोलला. "काय मेहलन, आता पोरीही पहिल्या पंगतीला?"

"सायलो भरायला जे होते ते पहिल्या पंगतीला," मी म्हटलं. "ही पहाटेपासून होती. तू दहाला आलास. तुला उठवलंय का मी?"

पहिल्यांदा टोबायस हसला. मग त्याचा भाऊ. मग अ‍ॅटलीच इतका हसला की त्याला ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. टोबायस बाकावर सरकला आणि सलोमा त्याच्या शेजारी बसली. तिनं मान खाली घालून जेवायला सुरुवात केली. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही बघितलं. तुझी मॅम मात्र दारात भांडं घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर लेकीचं जे काही कौतुक होतं त्याला आपल्या भाषेत पापच म्हणतात.

जेवण झाल्यावर मी अ‍ॅटलीला सगळ्यांसमोरच उत्तर दिलं. "शेत द्यायचं नाही. घोडेही नाहीत. हे शेत सलोमा कसेल."

"आणि लग्न झालं की?"

"मग नवरा इकडे येईल," बाकावरून सलोमाच म्हणाली. "बार्नीला आवडला तर."

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती माझी खुर्ची आत घ्यायला आली. मी म्हटलं, "बार्नी चांगला झालाय."

तिनं विचारलं, "घोड्याबद्दलच बोलताय ना?"

"फक्त घोड्याबद्दल नाही," मी म्हटलं.

तिनं मला आत नेलं आणि खिडकीशी ठेवलं. शेताकडच्या.

आता तुझं. मी आधीच्या पत्रांत तुला बोलावत नाही, बोलावत नाही म्हणत बोलावत होतो. तुला ते कळलं, म्हणून तू निघालास. आता उलटं सांगतो आणि सरळ सांगतो. शेतासाठी येऊ नकोस. ती बोटीवरची जागा घे. दुसऱ्याला द्यायला लावू नकोस. तू थोरला, एकुलता मुलगा, म्हणून तुला सगळ्यांच्या आधी सांगायला हवं होतं, पण अ‍ॅटलीनं घाई केली. शेत सलोमाला देतोय. तुझी हरकत असेल तर लिही. मी वाचेन. पण बदलणार नाही.

डॅट


६ नोव्हेंबर

रूबेन,

पावसानं पानं खाली आणली आणि टेकडी उघडी पडली. आता आपल्या खिडकीतून टोबायसचं घर दिसतं आणि त्याच्या खिडकीतून आपलं, त्यामुळे हिवाळाभर दोघांनाही नीट वागावं लागणार.

टेकडीमागचा दाण्याचा मका सोलून कणगीत भरला. तुझ्या मॅमनं तांब्याच्या हंड्यात सफरचंदं आटवली. सगळा दिवस ढवळणं चाललं होतं आणि मी कुबड्यांवर उभा राहून माझा वाटा ढवळला. हो, कुबड्यांवर. डॉक्टर म्हणाले होते नाताळ, पण डॉक्टरांना आपली हाडं माहीत नाहीत.

प्रभुभोजनाआधीची सभा झाली. बिशपांनी एकेकाला विचारलं, मनात कुणाविषयी काही आहे का, देवाशी शांती आहे का. माझ्यापाशी आले तेव्हा मी म्हटलं, शांती आहे. आणि मनात म्हटलं, देवा, थोडासा गर्व राहिलाय, मुलीचा. तो काढायला घेतला आहे, पण मुळं खोल आहेत आणि माझा पाय अधू आहे. बिशप माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. त्यांनाही मुली आहेत.

तुझं पत्र मिळालं. हरकत नाही म्हणतोस. नुसतं हरकत नाही असं नाही, तू लिहिलंस, "तिचंच होतं, डॅट, तुम्हाला उशिरा दिसलं." हे मी सलोमाला वाचून दाखवलं. ती उठून गाईंना बघायला गेली. आता ती खरी कुठे जाते ते मला कळतं, बार्नीकडे.

बोटीवरची जागा मिळाली, हेही वाचलं. मुख्य मिस्त्रीच्या हाताखाली. म्हणजे एवढी मोठी बोट सरोवरात चालणार ती माझ्या मुलाच्या कानावर, इंजिन नीट वाजतंय की नाही ते ऐकून. टोबायसला सांगितलं. म्हणजे आता सगळ्या गावाला माहीत आहे. गर्वाचं पाप एकाच लेकराबद्दल कशाला करायचं, दोघांबद्दल सारखं केलं.

पण पत्राच्या शेवटी तू जे विचारलंस ते मला गेले चार दिवस सोडत नाही. तू लिहितोस, "सायलो भरला, मका सोलला, शेत सलोमाचं झालं. मग आता माझं तिकडे काय काम?"

मी उत्तर शोधत होतो. गोठ्याचं छप्पर सांगणार होतो, मग आठवलं, ते सलोमानं दुरुस्त केलं. हौदाचा पंप सांगणार होतो, तोही तिनंच. तुझ्या मॅमला विचारलं, तर ती म्हणाली, त्याला खरं लिहा.

तर खरं हे. तुझं इथे काही काम नाही. काडीचंही नाही. काम असलं की शेजारी येतात, मजूर येतात, अ‍ॅटलीसुद्धा येतो. काम नसताना जो येतो तो घरचा. म्हणून ये. बर्फ पडून बोटी उभ्या राहिल्या की ये. येऊन बस, जेव, सलोमाशी भांड, झोप, आणि कंटाळा आला की जा.

मोटार घेऊन आलास तर कोठाराच्या मागे लाव. बिशपांनी विचारलं तर घोडे बुजतात असं सांगू.

तुझा डॅट,
मेहलन